भरल्या बंदुकीची पूजा

बंदुकीची गोळी लागून वाचलेली बाई आमच्या कुंभकोणात माझ्याशिवाय दुसरी कोणी असेल असं वाटत नाही. तेव्हा हे लिहिणं नक्की कोणाच्या कामी येईल ते मला सांगता येत नाही. पण ज्यांचं दुखणं एक असतं आणि गाव सांगतं भलतंच, अशी माणसं पुष्कळ असतील. त्यांनी हे वाचावं. यात डॉक्टरी माहिती मिळणार नाही. गुडघ्यात किती हाडं असतात ते मला अजूनही ठाऊक नाही, आणि माझ्यात त्यातली किती शिल्लक आहेत तेही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. क्षमा केली की जखम लवकर भरते, असं मला भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईने सांगितलं. मी क्षमा केली नाही. जखम भरली.

घरची रीत

माझे आजेसासरे तंजावरच्या राजवाड्यात शिलेदार होते. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, घोडे गेले, शिलेदारीही गेली आणि आमची मंडळी कुंभकोणात येऊन राहिली. जुन्या वैभवातली एक ठासणीची बंदूक तेवढी उरली, सरकारी परवान्यासकट. बंदूक आणि परवाना, दोन्ही माझ्या थोरल्या दिरांच्या ताब्यात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा कचेरीत कारकून आहेत. कचेरीत ते दिवसभर मान खाली घालून बसत आणि घरी आले की शिलेदार होत.

या मुलुखात नवरात्रात नवमीला सरस्वतीपुढे पोथ्या, वीणा, अवजारं सगळं मांडतात. एकदा मांडलं की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. पोरं त्या दिवशी अभ्यास करत नाहीत, आम्ही विळीवर भाजी चिरत नाही. आमच्याकडे पोथ्यांच्या शेजारी बंदूक मांडतात, आणि ती भरलेली. बारूद ठासलेली, गोळी घातलेली, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली. दसऱ्याला पूजा उठवून परसात जायचं आणि आकाशात एक बार काढायचा, हे आमचं सीमोल्लंघन. रिकामं हत्यार देवीपुढे मांडणं म्हणजे रिकाम्या ताटावर पाहुणा बसवणं, असं सासूबाई म्हणत. शहाण्या माणसाला यातला धोका कळला असता. आमच्या घरी त्याला कुळाचार म्हणत.

ती संध्याकाळ

नवमीची संध्याकाळ होती. बाहुल्यांची आरास बघायला बायका येऊन गेल्या होत्या. मग अण्णांच्या कचेरीतले दोन वकील आले. अण्णांना चेव चढला. आजोबा घोड्यावरून नेम कसा धरत ते दाखवायला त्यांनी पूजेतली बंदूक उचलली. सासूबाई आत होत्या. माझे यजमान तिथेच दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "अण्णा, पूजा उठली नाहीं अजून."

अण्णांनी ऐकलं नाही. त्यातला एक वकील भिऊन मागे सरला, तर त्याला तमिळमध्ये म्हणाले, "घाबरता काय? पूजेचं हत्यार कोणी भरतं का? रिकामी आहे." सकाळी स्वतःच्या हाताने बारूद ठासलेली, ती संध्याकाळी विसरले. मी पाहुण्यांसाठी चण्याच्या सुंडलचं, म्हणजे कोरड्या उसळीचं, ताट घेऊन पूजेच्या खोलीत आले, आणि अण्णांनी घोडा ओढला.

दुखलं असं लगेच वाटलं नाही. आधी चणे दिसले, साऱ्या घरभर. मग धूर. मग मी खाली बसले होते आणि माझा उजवा पाय मला नको त्या बाजूला वळलेला दिसला. कोणी माझ्याकडे बघायच्या आत अण्णांचा आवाज आला, "मीं हात लाविला नाहीं!"

हे पहिलं वाक्य. मी कण्हायच्याही आधीचं. दोघे वकील वहाणा हातात घेऊन पसार झाले. पुढे ते कधी काही बोलले नाहीत. साक्षीला उभं राहायची वकिलांना भारी भीती.

दवाखाना

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कसं झालं?" अण्णा म्हणाले, बंदूक पूजेतून घसरली, आपोआप सुटली. डॉक्टरने माझ्या यजमानांकडे बघितलं. ते मूग गिळून उभे राहिले. मी बोलणार होते, पण तेवढ्यात नाकावर औषधाचा बोळा ठेवला आणि सगळं फिरायला लागलं.

शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा हाताने चाचपून पाहिलं, पाय आहे की नाही. होता. डॉक्टर म्हणाले, "आज ठेवलाय. पू झाला तर कापावा लागेल." त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मला त्यांचा राग आला नाही. खोटं बोलणाऱ्यांच्या घरून आलेल्या माणसाला असा डॉक्टर बरा वाटतो.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी पट्टी सोडायची, कार्बोलिकच्या पाण्याने धुवायचं, पुन्हा बांधायची. पट्टी सुटताना मी वास घ्यायची. सडल्याचा वास येतोय का, एवढंच बघायची. भीती म्हणजे काय ते मला त्या वासाची वाट बघताना कळलं. दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून पाय जखडलेला असायचा, कूस बदलायची सोय नाही. तिथली आया दुपारी येऊन उशी उलटी करून द्यायची, गार बाजू वर. त्या गार बाजूसाठी मी सकाळपासून थांबायची. ज्यांना असं पडून राहावं लागेल त्यांनी उशी उलटून देणारं माणूस आधी शोधावं. देवाचं नंतर बघता येतं.

यजमान रोज यायचे. साराचा भात आणायचे, भरवायचे, डबा धुऊन न्यायचे. एकदा मी म्हटलं, "तुम्ही तिथें होतां. तुम्ही पाहिलें."

"अण्णा वडील भाऊ आहेत गे."

"आणि मी?"

त्यांनी डबा उचलला. त्या दिवशी भात मला कडू लागला. मला सांगायला लाज नाही, तेव्हा मला अण्णांपेक्षा यांचा राग जास्त आला होता.

शेजारच्या खाटेवरची गोष्ट

माझ्या शेजारच्या खाटेवर दारासुरम्‌ची तंगम्मा नावाची विणकरीण होती. रेशीम रंगवायची कढई कलंडून तिचा हात भाजला होता. तोंड मात्र शाबूत होतं, ते दिवसभर चालायचं. एके दिवशी तिने मला गोष्ट सांगितली. आम्ही अर्थात तमिळमध्ये बोलत होतो.

"अक्का, याच गावात एका मराठ्याच्या घरी तुप्पाकी अम्मन आहे." तुप्पाकी म्हणजे बंदूक. बंदूकदेवीच म्हणायची ती. "तिला माणूस लागत नाही. आपली आपण सुटते. पूर्वी तंजावरचा राजवाडा लुटायला गोरा साहेब आला, तर भिंतीवर टांगलेल्या ठिकाणाहून तिने त्याची टोपी उडवली. परवा नवमीला त्यांची सून विटाळशी असून पूजेच्या घरात शिरली. अम्मनने नळी वळवली आणि उडवली तिला."

मी विचारलं, "मग त्या सुनेचं काय झालं?"

"व्हायचं काय? जागच्या जागी भस्म. फरशी अजून काळी आहे म्हणतात."

मी गुडघ्यावरची चादर बाजूला केली आणि म्हटलं, "हे बघ ते भस्म."

तंगम्माने देवळात मारून घेतात तशा स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. मग तिने मला सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मला कावळा शिवला तो दवाखान्यात, दसरा कधीच होऊन गेल्यावर. माझे कपडे आयाने बदलले, तिला विचारा. पण तिला कोण विचारणार? पूजेतलं हत्यार उचलायचं पाप अण्णांचं, आणि विटाळ माझ्या कपाळी. करून सवरून नामानिराळे!

पाय तुटेल ही भीती मला गोळीने दिली होती. त्या दिवशी कळलं की दुसरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते कुठल्या डॉक्टरला दाखवता येणार नाही.

घरी

पाय वाचला. गुडघा मात्र वाकत नाही. आत शिशाचा एक तुकडा राहिलाय, तो डॉक्टरने काढला नाही. काखेत काठी घेऊन मी घरी आले, तेव्हा पुढच्या ओसरीवर लोक बसलेले. हातात लिंबं, कापूर, झेंडूच्या माळा. अण्णा पागोटं घालून मधे. कचेरीत ज्याला कोणी नावाने हाक मारत नव्हतं, त्याच्या पाया पडायला साक्कोट्टैहून माणसं येत होती. अण्णा सांगत होते, "मी लांब होतो हो, पार तिकडे. बंदूक आपणहून उठली."

सासूबाईंनी मला मागच्या दाराने आत घेतलं. गोठ्याशेजारच्या खोलीत माझी पथारी घातली. चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही. मी म्हटलं, "अम्मा, मी शुद्ध होतें. देवीशपथ."

"बंदूक उगाच सुटत्ये काय गे?"

"भावोजींनीं घोडा ओढिला. लेकाला विचारा, हे तिथेंच होते."

सासूबाईंनी यांना विचारलं. यांनी जमिनीकडे बघितलं. झालं, उंदराला मांजर साक्ष. अण्णांनी तोडगा काढला. वर्ष पुरं होऊ दे, पुढला दसरा झाला की अंबूला, म्हणजे मला, तिरुनीलक्कुडीला माझ्या भावाकडे धाडून द्यावं, कायमचं. पांगळी आणि वर विटाळशी सून घरात ठेवून अम्मनचा कोप कशाला ओढवून घ्यायचा? सासूबाई "बरें" म्हणाल्या.

मी त्या खोलीत पडून गायीचं रवंथ ऐकायची आणि अण्णांना काय काय व्हावं याचा विचार करायची. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. पण तोंड दाबून सोसत पडलेल्यांना सांगते, रागाचा मला उपयोग झाला. त्या रागापायी मी रोज काठी घेऊन परसातल्या विहिरीपर्यंत चालायची. लंगडी म्हणून मला कोणी गाडीत घालून नेऊ नये एवढ्यासाठी.

माझी गोष्ट

हात बरा झाल्यावर तंगम्मा मला भेटायला आली. म्हणाली, "खरं का सांगत नाहीस गावाला?"

मी म्हटलं, "खऱ्याला चव नसते. तुझ्या त्या गोष्टीतलं थोडं राहिलंय, तेवढं लोकांना सांग. अम्मन विटाळावर सुटत नाही. अम्मन खोट्यावर सुटते. तिच्या नळीसमोर बसून जो खोटं बोलेल, त्याला ती सोडत नाही. त्या दिवशी तिला दुसराच कोणी हवा होता, माझा गुडघा फक्त मधे आला."

तंगम्मा पदर तोंडाला लावून हसली. "ही मी दारासुरम्‌ला नेते. माग चालतात तिथे गोष्ट पायी जात नाही, धावते."

आषाढ लागला तोवर तीच गोष्ट मला आमच्या फूलवालीने सांगितली. तोवर ती चांगली बाळसेदार झाली होती. साक्कोट्टैच्या एकाने गाय चोरून नाही म्हटलं, तर बंदुकीने त्याच्याकडे तोंड फिरवलं. दोघे भाऊ बांधाच्या भांडणासाठी आमच्या ओसरीवर शपथेला आले होते, त्यातला धाकटा नळीसमोर बसायची वेळ येताच पळून गेला. हे दुसरं खरंच घडलं होतं. अण्णा खूश! त्यांची बंदूक आता न्यायाधीश झाली. ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले की अम्मनपुढे खोटं चालत नाही. मी गोठ्याजवळ बसून ऐकायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

नवमी

पुढची नवमी आली. ओसरीपासून चौकापर्यंत माणसं. त्यात तंगम्मा, तिच्याबरोबर दारासुरम्‌च्या दहा-बारा बायका. मी मागच्या दाराशी पाय लांब करून बसले होते. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि भावाची गाडी सांगून ठेवलेली.

बंदूक चौरंगावर, नळी पूजेला बसणाऱ्याच्या छातीकडे. एक सांगायला हवं. त्या अपघातापासून अण्णांचा हात बंदुकीला लावला की थरथरायचा. म्हणून त्या सकाळी बंदूक भरायचं काम त्यांनी यांच्यावर टाकलं होतं.

अण्णा पाटावर बसणार, तेवढ्यात तंगम्मा मोठ्याने म्हणाली, "अय्या, आम्ही लांबून आलोय. अम्मनसमोर बसून एकदा सांगा ना, त्या दिवशी ती कशी सुटली?"

"सांगितलंय सगळ्यांना."

"ते ओसरीवर. इथे समोर बसून सांगा."

अण्णा बसले. नळीकडे बघितलं. जरा डावीकडे सरकले. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "समोर, अय्या, समोर." अण्णांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं. मग ते यांच्याकडे झुकले आणि तमिळ लोकांना कळू नये म्हणून मराठीत, हळू आवाजात विचारलं, "भरलीस काय रे?"

यांनी समईची वात पुढे सारली. मग दुसरी सारली. लग्नापासून मी यांच्या गप्प बसण्याला कंटाळले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या बाजूने गप्प बसले.

मी दारातून मराठीतच म्हटलं, "रितें हत्यार पूजूं नये, हा कुळाचार ना भावोजी?"

खाई त्याला खवखवे. खरं बोलणारा माणूस त्या पाटावर निवांत बसला असता. अण्णांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं. बंदूक मी उचलली. पूजा उठायच्या आत उचलली. मीच भरली होती, मीच रिकामी आहे म्हटलं, मीच घोडा ओढला. अंबूचा काही दोष नव्हता. खोटं मी पसरवलं. शेवटी शेवटी रडायला लागले. मला वाईट वाटलं का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. नाही वाटलं. मी एकेक शब्द कान देऊन ऐकला, पुन्हा ऐकायला मिळाला असता तर पुन्हा ऐकला असता.

सासूबाई थोरल्या लेकाकडे पाठ करून उठल्या. मग कुंकवाची करंडी घेऊन माझ्याकडे आल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. म्हणाल्या, "चल गे, आरती तूं कर."

मी म्हटलं, "मज उठवत नाहीं अम्मा. आरती येथें आणा."

आणली. देवी जागच्या जागी राहिली, तबक गोठ्याच्या दाराशी आलं. अण्णांनी धरलं होतं.

आता

भावाची गाडी दुसऱ्या दिवशी रिकामी परत गेली. त्या रात्री यांनी मला सांगितलं, "भरली नव्हती. बारूद मी गेल्याच वर्षीं विहिरींत टाकिली."

"मग तोंडही गेल्याच वर्षीं उघडायचें होतें," मी म्हटलं. आम्ही बरे आहोत. पण ते वर्ष मी विसरलेले नाही, हे त्यांना माहीत आहे आणि माहीत असलेलं बरं.

ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात गुडघा ठणकतो, शिसं गार पडतं. तेव्हा गरम मिठाची पुरचुंडी शेकायला बरी. चूल माझ्याच ताब्यात आहे, मीठ मागावं लागत नाही.

दसऱ्याचा बार तेव्हापासून बंद आहे, अम्मनला हात लावायची अण्णांची छाती होत नाही. पण दर नवमीला माणसं येतात. अम्मनसमोर खरं बोलल्याचं पुण्य मोठं, अशी आता गावात समजूत झाली आहे, आणि पहिला मान घरच्या वडीलधाऱ्याचा. अण्णा पाटावर बसून सगळं पहिल्यापासून सांगतात. मी समोर झोपाळ्यावर, पाय लांब करून. सांगता सांगता कधी त्यांची जीभ घसरते, "आणि मग ती आपोआप…" असं तोंडातून निघतं. मी नुसती नळीकडे बघते. अण्णा थांबतात, घाम पुसतात, आणि पुन्हा मुळापासून सुरू करतात.

बंदूक रिकामी असते, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.